लोह-आयन आणि हायड्रोजन: वस्तुमान ५७ वरचा सिग्नल वेळेआधीच का दिसतो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (आयन वस्तुमानानुसार निवडून मोजणारं यंत्र) वस्तुमान ५६ चा लोह-आयन निवडला, पुढच्या सेलमध्ये, म्हणजे टक्करीच्या कप्प्यात, हायड्रोजन सोडला आणि टक्करीची ऊर्जा शून्यापासून वाढवत नेली. लोह-हायड्राइडचा आयन, म्हणजे वस्तुमान ५७, एका ठरावीक ऊर्जेपर्यंत दिसायलाच नको. पण तो त्याच्या कितीतरी आधी हजर होतो. सिलिंडर बदलला, सेल उघडून साफ केला, रात्रभर बेक केलं. दोन-चार दिवस बरं चाललं आणि पुन्हा तेच.

ही अडचण सारखी परत येते याचं कारण असं, की एकसारख्या दिसणाऱ्या या लक्षणामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात आणि आपण प्रत्येक वेळी त्यातलं सोयीचं एक धरून दुरुस्ती करतो. शेवटचं कारण, म्हणजे आयनाची इलेक्ट्रॉनिक अवस्था (त्यातले इलेक्ट्रॉन कसे मांडलेले आहेत ते), सगळ्यात जास्त वेळा खरं ठरतं आणि सगळ्यात उशिरा तपासलं जातं. पण थेट तिथे उडी मारू नका. आधीची कारणं क्रमाने बाद केली नाहीत, तर अवस्थेबद्दल काढलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येत नाही.

आधी ऊर्जेचा हिशेब

हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला ४.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात (पुढे नुसतं इव्ही म्हणतो). लोह-आयन आणि हायड्रोजन अणू यांच्यातला बंध तयार झाला की सुमारे २.१२ इव्ही परत मिळतात. फरक २.३६ इव्ही. हा पैसा कुठून तरी आणावा लागतो, आणि आपल्या यंत्रात तो टक्करीच्या गतिज ऊर्जेतून येतो. म्हणून सर्वांत खालच्या अवस्थेतल्या लोह-आयनाचा थ्रेशोल्ड, म्हणजे अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा, २.३६ इव्ही. खोलीच्या तापमानाला ही अभिक्रिया होत नाही.

लोहच नाही, स्कँडियमपासून जस्तापर्यंतच्या पहिल्या संक्रमण रांगेत प्रत्येक एकभारी धातू-आयनाची गोष्ट अशीच आहे. कोबाल्टचा हायड्राइड बंध सुमारे १.९८ इव्ही, निकेलचा १.६८, क्रोमियमचा १.३७ आणि तांब्याचा जेमतेम ०.९. सगळे ४.४८ च्या बरेच खाली. त्यामुळे कमी ऊर्जेला हायड्राइड दिसला, तर 'आपल्याला नवीन काही सापडलं' असं मनात येऊ देण्याआधी खालची सगळी तपासणी पुरी करा.

नॉबवरचे व्होल्ट म्हणजे टक्करीची ऊर्जा नव्हे

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

सॉफ्टवेअरमध्ये आपण जो आकडा भरतो तो प्रयोगशाळेच्या चौकटीतला असतो: आयन किती व्होल्टने ढकलला. अभिक्रियेला मात्र वस्तुमानकेंद्राच्या चौकटीतली, म्हणजे आयन आणि रेणू यांच्या एकमेकांसापेक्ष गतीची, ऊर्जाच वापरता येते. तिच्यासाठी भरलेल्या आकड्याला एका अपूर्णांकाने गुणायचं: अंशात लक्ष्य-रेणूचं वस्तुमान, छेदात आयन आणि लक्ष्य यांची बेरीज. लोह आणि हायड्रोजनसाठी तो २.०१६ भागिले ५७.९५, म्हणजे ०.०३४८. शंभर व्होल्टने ढकललेल्या लोह-आयनाकडे हायड्रोजनशी टक्कर देताना कामाची ऊर्जा जेमतेम साडेतीन इव्ही असते. थ्रेशोल्ड गाठायला, म्हणजे २.३६ इव्हीसाठी, जवळजवळ ६८ व्होल्ट लागतात. 'वीस व्होल्टला कशी अभिक्रिया होते?' असा प्रश्न येतो तेव्हा खरी टक्कर ०.७ इव्हीचीच असते. गूढ आणखी वाढतं, कमी होत नाही.

आता हाच हिशेब अशुद्धीसाठी करून बघा, बऱ्याच तक्रारी इथेच निकालात निघतात. समजा हायड्रोजनमध्ये किंवा सेलच्या भिंतींवर थोडा मिथेन आहे. मिथेनमधून एक हायड्रोजन अणू तोडायला लागणारी ऊर्जा योगायोगाने हायड्रोजन रेणूच्या बंधाएवढीच, ४.४८ इव्ही आहे. म्हणजे मिथेनपासून लोह-हायड्राइड बनण्याचा थ्रेशोल्डही २.३६ इव्ही. पण मिथेन आठपट जड आहे, त्याचा अपूर्णांक ०.२२३. त्यामुळे तोच थ्रेशोल्ड गाठायला फक्त साडेदहा व्होल्ट पुरतात! पाण्याचंही तसंच. पाण्यातला पहिला बंध ५.१ इव्हीचा, म्हणून हायड्राइड बनायला सुमारे ३ इव्ही लागतात. अपूर्णांक ०.२४४, म्हणजे साधारण १२ व्होल्ट. तुम्ही हायड्रोजनच्या ६८ व्होल्टची वाट बघत असता आणि दहा-बारा व्होल्टला ५७ वर सिग्नल उगवतो. अशुद्धी हजारात एखाद-दुसरा भाग असली तरी तो दिसतो, कारण त्या व्होल्टला हायड्रोजनचा स्वतःचा सिग्नल शून्य आहे. झाकायला मोठं काही नाहीच.

म्हणून ऊर्जा-आलेख बघताना पहिली सवय लावून घ्या: आडव्या अक्षावर आधी नुसते व्होल्ट ठेवा. सिग्नल दहा ते पंधरा व्होल्टच्या पट्ट्यात सुरू होत असेल, तर ७०, ७१ आणि ७३ ही वस्तुमानं तपासा. पाणी असेल तर लोह-हायड्रॉक्साइडचा आयन ७३ वर येतो, तोही हायड्राइडच्या आधी, कारण लोह आणि हायड्रॉक्सिल यांचा बंध बराच मजबूत आहे. मिथेन असेल तर मिथिलिन जोडलेला ७० वर आणि मिथिल जोडलेला ७१ वर. नुसत्या हायड्रोजनपासून यातलं काहीही बनू शकत नाही. ८४ वर काही दिसलं तर मात्र जपून राहा. तिथे कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन आणि इथिलीन हे तिघंही लोहाला चिकटून येतात आणि साधा क्वाड्रुपोल (वस्तुमानानुसार आयन गाळणारा यंत्राचा भाग) त्यांना वेगळं ओळखू शकत नाही.

अशुद्धीची दुसरी खूण अशी. गॅस सेलमध्ये न सोडता बाहेरच्या मुख्य चेंबरमध्ये सोडा आणि तीच धाव, म्हणजे तेच मोजमाप, पुन्हा घ्या. गाइडेड आयन बीमवर (आयनांचा झोत विद्युत क्षेत्राने आवरून टक्करी मोजणारं यंत्र) काम करणारे ही पार्श्वभूमी प्रत्येक मोजमापातून वजा करतात आणि ती सवय उचलण्यासारखी आहे. त्यात गॅस पूर्ण बंद ठेवूनही एक धाव घ्या. गॅस बंद असतानाही ५७ वर तोच आकार आला, तर हायड्रोजनचा संबंधच नाही, चेंबरच्या भिंतींवरचं पाणी बोलतंय.

इलेक्ट्रोलिसिसवर चालणारा हायड्रोजन जनरेटर असेल, तर त्याचं ड्रायर काडतूस संपलं आहे का ते आधी बघा. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बदलल्यानंतर लाइन पुरेशी फ्लश झाली का, हे विचारा. लाइनमध्ये द्रव नायट्रोजनचा सापळा लावला की पाणी आणि जड हायड्रोकार्बन अडतात. मिथेन मात्र बऱ्याच अंशी निसटतो, त्यासाठी शुद्ध गॅसच घ्यावा लागतो. आणि फ्लश करताना हायड्रोजन खोलीत सोडू नका. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो. व्हेंटची नळी बाहेरच काढा.

हे शेपूट दोषाचं नाही

थ्रेशोल्डच्या अगदी लगेच खाली जे बारीक शेपूट दिसतं त्याने घाबरू नका. सेलमधले हायड्रोजनचे रेणू स्थिर नसतात, ३०० केल्विनला ते स्वतःच धावत असतात, त्यामुळे टक्करीची ऊर्जा पसरते. १९७१ मध्ये चँट्री यांनी दिलेल्या सूत्राने काढलं तर २.३६ इव्हीला हा पसारा सुमारे ०.८ इव्ही रुंद निघतो. म्हणजे १.९ च्या आसपास सिग्नल जमिनीवरून उठत असेल, तर ते गॅसच्या तापमानाचं काम आहे. आयनांच्या ऊर्जेतला एखाद व्होल्टचा फरक मात्र हायड्रोजनच्या बाबतीत जवळपास नगण्य ठरतो, कारण तो ०.०३४८ ने गुणला जातो. आयन-बीमची ऊर्जा घट्ट करण्यात दिवस घालवू नका.

५६ आणि ५७ चे तोतये

निसर्गातल्या लोहात ५६ वस्तुमानाचा समस्थानिक ९१.७५ टक्के, ५४ चा ५.८ टक्के आणि ५७ चा २.१ टक्के असतो. ५७ चा लोह-आयन आणि ५६ चा हायड्राइड यांच्या वस्तुमानात फक्त ०.००७ चा फरक आहे. ते सुटे दिसायला साडेसात हजारांहून जास्त रिझोल्यूशन (जवळची वस्तुमानं वेगळी दाखवण्याची क्षमता) लागतं, आणि ते क्वाड्रुपोलच्या आवाक्याबाहेर आहे. पहिल्या क्वाड्रुपोलची खिडकी, म्हणजे तो पुढे सोडतो तो वस्तुमानांचा पट्टा, थोडी रुंद झाली की ५७ चा लोह-आयन गळत येतो आणि हायड्राइड म्हणून मोजला जातो.

याची ओळख पटवणं सोपं आहे. ५७ आणि ५६ यांचं गुणोत्तर काढा. ते ऊर्जेप्रमाणे बदलत नसेल, गॅस बंद केल्यावरही टिकत असेल आणि २.३ टक्क्यांच्या जवळ किंवा त्याच्या आत कुठेतरी सपाट बसत असेल, तर तो समस्थानिक आहे. खरी अभिक्रिया कधीच सपाट नसते. खिडकी अरुंद करा, सिग्नल थोडा कमी होईल, होऊ द्या.

५६ वर लोहाशिवायही बरेच येतात. पंपाच्या तेलातला हायड्रोकार्बन आयन, चार कार्बन आणि आठ हायड्रोजनचा, नेमका ५६ वर असतो. त्याचाच नऊ हायड्रोजनवाला भाऊ ५७ वर, आणि तेलाच्या बाष्पात तो भरपूर असतो. सोर्समध्ये आर्गॉनचा डिस्चार्ज असेल तर आर्गॉन आणि ऑक्सिजनची जोडी ५६ वर बसते. कॅल्शियम ऑक्साइडही तिथेच. या दोन्ही ऑक्साइड-आयनांचं हायड्रोजनशी सहज जमतं. हायड्रोजन अणू उचलला की ते ५७ वर जातात, तेही शून्य ऊर्जेपासून. म्हणजे तुमच्या बीममध्ये यांची भेसळ असेल, तर थ्रेशोल्ड नावाची गोष्टच उरत नाही.

यावर मला सर्वांत आवडणारी चाचणी म्हणजे ५६ सोडून ५४ निवडणे. बीम सोळापट बारीक होतो, पण ५५ वर लोहाचा एकही समस्थानिक नाही आणि वर सांगितलेले तोतयेही बाजूला पडतात. ५४ वरून ५५ वर जाणारा सिग्नल पंधरा मिनिटं जमवा. ५६-५७ मध्ये दिसलेली लवकरची सुरुवात इथे नाहीशी झाली, तर ती भेसळ होती. तशीच राहिली, तर ती लोहाची स्वतःची आहे आणि आपण शेवटच्या कारणाकडे जाऊ शकतो. (स्टेनलेस स्टीलचे भाग तापत असतील तर ५४ वर क्रोमियमचा अडीच टक्क्यांहून कमी असलेला समस्थानिक येतो. ५२ कडे एक नजर टाकली की तो कळतो.)

ड्यूटेरियम वापरणंही चांगलं, पण वेगळ्या कारणासाठी. उत्पादन ५८ वर जातं, ५७ चा प्रश्न मिटतो आणि लक्ष्य दुप्पट जड झाल्याने थ्रेशोल्डसाठी लागणारे व्होल्ट जवळपास निम्मे होतात. ५८ वर निकेल असतो हे मात्र विसरू नका.

यंत्रावरच संशय असेल तर सोडियम घ्या. सोडियमचा निसर्गात एकच समस्थानिक, वस्तुमान २३. त्याच्या आयनात सगळी कवचं भरलेली, जवळपास कुठलीही उत्तेजित अवस्था नाही आणि हायड्रोजनशी त्याचा बंध फारच दुबळा. तापलेल्या रेनियम फिलामेंटवरून सोडियम-आयन तसेही आपोआप सुटतात. २३ निवडून हायड्रोजनमध्ये सोडला आणि कमी ऊर्जेला २४ वर काही आलं, तर चूक वस्तुमान निवडीत किंवा डिटेक्टरमध्ये आहे, रसायनशास्त्रात नाही.

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी एक फाटा

आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात नमुन्याचे आयन बनवून ते मोजणारं यंत्र) काम करणारे बरेच जण हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात: सेलमध्ये हायड्रोजन सोडला की लोह हायड्राइड होऊन ५७ वर निघून जाईल का? नाही जाणार. ही पद्धत चालते तीच मुळी वरच्या २.३६ च्या आकड्यावर. ५६ वरचा आर्गॉन-ऑक्साइड हायड्रोजनबरोबर झपाट्याने संपतो आणि लोह-आयनाला अभिक्रियेसाठी ऊर्जा पुरत नाही, म्हणून तो तसाच पुढे जातो. प्लाझ्मा सहा-सात हजार केल्विनचा असल्याने तिथून येणाऱ्या लोह-आयनांपैकी बरेच उत्तेजित असतात, तरीही सेलमधल्या काही व्होल्टच्या बायसने हायड्रोजनशी एक इव्हीची टक्करसुद्धा होत नाही.

बोअरवेलच्या कठीण पाण्यात ५७ चं ५६ शी गुणोत्तर २.३ टक्क्यांच्या वर गेलं, तर लोहाला दोष देऊ नका. तो आर्गॉन किंवा कॅल्शियमचा हायड्रॉक्साइड-आयन असतो, वस्तुमान ५७. हायड्रोजन मोडमध्ये लोह ५६ वर मोजा आणि ५४ शी ताळा घ्या.

आता मुख्य संशयित: आयन कोणत्या अवस्थेत आहे?

वरचं सगळं झालं, ५४-५५ ची चाचणी झाली, ७३ स्वच्छ आहे, सोडियम गप्प आहे, आणि तरीही हायड्राइड दीड इव्हीला किंवा त्याहून खाली दिसतोय. मग वस्तुमानाकडे बघणं थांबवा. वस्तुमान ५६ म्हणजे लोह हे खरं, पण कुठला लोह हे वस्तुमान सांगत नाही.

लोह-आयनाच्या सर्वांत खालच्या अवस्थेला सिक्स्टेट डी म्हणतात. ३डी आणि ४एस ही इलेक्ट्रॉन राहतात त्या कक्षकांची नावं: ३डी मध्ये सहा इलेक्ट्रॉन, ४एस मध्ये एक. त्याच्या फक्त पाव इव्ही वर क्वार्टेट एफ आहे: ४एस रिकामा, सातही इलेक्ट्रॉन ३डी मध्ये. त्याच्याही वर, सुमारे एक इव्हीला, क्वार्टेट डी. ऊर्जेच्या हिशेबात पहिल्याचा थ्रेशोल्ड २.३६, दुसऱ्याचा २.१ आणि तिसऱ्याचा १.४ च्या आसपास पडतो.

पण नुसता थ्रेशोल्ड सरकला एवढंच असतं, तर गोष्ट सोपी होती. १९८६ मध्ये एल्काइंड आणि आर्मेंट्राउट यांनी बर्कलीत गाइडेड आयन बीमवर दाखवलं की क्वार्टेट एफ अवस्था सिक्स्टेट डीपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील आहे, आणि त्या पाव इव्हीने हा फरक भरून निघत नाही. कारण मांडणीत आहे. ४एस कक्षक मोठा आणि गोल. त्यात इलेक्ट्रॉन असेल तर जवळ येणाऱ्या हायड्रोजनच्या भरलेल्या बंध-कक्षकाला तो ढकलून देतो. ४एस रिकामा असेल तर हायड्रोजनची इलेक्ट्रॉन-घनता तिथे सरकू शकते आणि त्याच वेळी धातूचे डी इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या प्रतिबंधी कक्षकात जाऊन बंध सैल करतात. हा नियम त्यांनी पहिल्या रांगेतल्या इतर आयनांवरही ताडून पाहिला. कोणाकडे किती ऊर्जा आहे यापेक्षा ४एस भरलेला की रिकामा आणि इलेक्ट्रॉनांची फिरकी (स्पिन) कशी जुळलेली, यावर अभिक्रियेचा कस ठरतो. धातू-आयनांच्या रसायनशास्त्रात यापेक्षा सुंदर निकाल मला तरी माहीत नाही.

आपल्या तक्रारीसाठी याचा अर्थ असा: बीममध्ये क्वार्टेट एफ पाचातला एक भाग असला, तरी थ्रेशोल्डजवळचा सगळा सिग्नल त्याचाच असू शकतो. चार भाग शांत बसतात आणि एक भाग बोलतो.

'पण सेलपर्यंत पोचेतोवर ही अवस्था उतरत नाही का?' हा प्रश्न दरवेळी येतो. नाही उतरत. या सगळ्या अवस्थांची पॅरिटी (इलेक्ट्रॉनांच्या मांडणीची सममिती) सारखीच आहे, त्यामुळे प्रकाश टाकून खाली येणं निषिद्ध आहे. क्वार्टेट डी मधून उतरताना निघणाऱ्या १.२५७ आणि १.६४४ मायक्रॉनच्या रेषा खगोलशास्त्रज्ञ सुपरनोव्हाच्या अवशेषांत बघतात. तिथली विरळ पोकळी आणि भरपूर वेळ मिळाला तरच त्या निघतात. क्वार्टेट डीचं आयुष्य मिनिटाच्या हिशेबात मोजावं लागतं, क्वार्टेट एफचं त्याहून खूप मोठं. आपल्या यंत्रात ६८ व्होल्टचा लोह-आयन एक मीटर अंतर साधारण ६५ मायक्रोसेकंदांत पार करतो. सोर्समध्ये जी अवस्था घेऊन निघाला, तीच घेऊन तो सेलमध्ये शिरतो.

म्हणून सगळा दोष आणि सगळा उपाय सोर्समध्ये आहे.

लोह पेंटाकार्बोनिलवर ७० इव्हीचे इलेक्ट्रॉन मारून आयन बनवत असाल, तर उत्तेजित अवस्थांची मोठी भेसळ गृहीतच धरा. पाचही कार्बन मोनॉक्साइड उडवल्यावर उरलेली ऊर्जा कुठेतरी जातेच. इलेक्ट्रॉनची ऊर्जा टप्प्याटप्प्याने खाली आणा, लोह-आयन जेमतेम दिसेल इथपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला ५७ चा आलेख घ्या. सिग्नलची सुरुवात उजवीकडे सरकत गेली, तर निदान झालं. धातूवर लेझर मारून आयन बनवणाऱ्या सोर्सलाही हाच संशय लागू.

तापलेल्या फिलामेंटचा सोर्स यापेक्षा बराच सभ्य आहे, कारण तिथे अवस्थांची वाटणी तापमान ठरवतं. २२५० केल्विनला हिशेब केला तर सिक्स्टेट डी सुमारे ७९ टक्के, क्वार्टेट एफ सुमारे २१ टक्के आणि क्वार्टेट डी हजारात तीन-चार. हे प्रमाण माहीत असणं हाच या सोर्सचा फायदा. मात्र फिलामेंट थंड करून क्वार्टेट एफ घालवता येईल ही आशा ठेवू नका. २००० केल्विनला आणलं तरी ते १८ टक्क्यांच्या आसपास राहतं आणि तोवर बीम पार बारीक झालेला असतो.

खरोखर सिक्स्टेट डीच हवा असेल, तर आयनांना वाटेत हजारो टक्करी द्याव्या लागतात. हेलियमच्या फ्लो ट्यूबमधून ते जातात, आणि नुसत्या हेलियमने हट्टी अवस्था उतरत नसल्याने त्यात थोडा मिथेन किंवा ऑक्सिजन सोडतात. तो उत्तेजित आयनांना शांत करतो किंवा त्यांच्याशीच अभिक्रिया करून त्यांना बाजूला काढतो. इथे एक धोका आहे: हाच मिथेन सेलपर्यंत झिरपला तर साडेदहा व्होल्टची ती जुनी तक्रार नव्याने सुरू होते. म्हणून शमन-गॅस चालू-बंद करताना ७० आणि ७१ वर नजर ठेवा.

ज्यांच्याकडे ड्रिफ्ट सेल (विद्युत क्षेत्राने आयनांना गॅसमधून ओढत नेणारा कप्पा) आहे त्यांना अवस्था थेट सुट्या करता येतात. सांता बार्बरात केम्पर आणि बॉवर्स यांनी १९९० च्या सुमारास हे दाखवलं. हेलियममधून जाताना ४एस भरलेला आयन लवकर पोचतो आणि ४एस रिकामा असलेला मागे राहतो. त्याच मोठ्या, गोल कक्षकामुळे हेलियम ४एस भरलेल्या आयनाच्या फार जवळ येऊ शकत नाही आणि तो कमी अडखळतो. एकाच वस्तुमानाचे दोन सिग्नल वेगवेगळ्या वेळी आले, तर बीममध्ये दोन अवस्था आहेत.

आणि यातलं काहीच हाताशी नसेल तर एचडी, म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम असलेला रेणू, वापरा. एकाच धावेत ५७ वर हायड्राइड आणि ५८ वर ड्यूटेराइड मिळतो आणि त्यांचं गुणोत्तर अवस्थेची सही असते. क्वार्टेट एफ हायड्राइडला स्पष्ट झुकतं माप देतो. सिक्स्टेट डी थ्रेशोल्डजवळ ड्यूटेराइडकडे झुकतो, कारण त्याची टक्कर रेणूशी न होता जणू एका अणूशीच होते, आणि जड अणूशी टक्कर झाली की कामाची ऊर्जा जास्त मिळते. कमी ऊर्जेला ५७ जोरात आणि ५८ मंद असेल, तर बोलतोय तो क्वार्टेट एफ.

सेलमधला दाब कमी-जास्त करून बघण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो करा, पण त्याचा अर्थ नीट लावा. सिग्नल दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढला तर एका आयनाच्या दोन टक्करी होत आहेत, दाब उतरवा. सरळ प्रमाणात वाढला, तर एकच टक्कर आहे एवढंच सिद्ध होतं. उत्तेजित आयनसुद्धा एकाच टक्करीत हायड्राइड देतो, तेव्हा सरळ रेषा त्याला निर्दोष ठरवत नाही.

क्रोमियमवर काम करणाऱ्यांनी हे सगळं दुप्पट काळजीने करावं. त्याची खालची अवस्था ३.१ इव्हीच्या आत हायड्रोजनकडे बघतही नाही, पण २.४६ इव्ही वरच्या क्वार्टेट डी अवस्थेला फक्त ०.६५ इव्ही पुरतात. क्रोमियम हेक्साकार्बोनिलवर ७० इव्हीचे इलेक्ट्रॉन मारले की अशा वरच्या अवस्था हमखास निघतात. शिवाय ५२ च्या शेजारी ५३ चा समस्थानिक साडेनऊ टक्के आहे, त्यामुळे गळतीचा तोतयाही लोहापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

सोर्स बदलणं शक्यच नसेल, तर मोजलेला आलेख एकाच थ्रेशोल्डच्या सूत्रात बसवण्याचा हट्ट सोडा. लोहासाठी पाव इव्हीच्या अंतरावरचे दोन थ्रेशोल्ड धरा, फिलामेंटचं प्रमाण ७९ आणि २१ असं बांधून टाका, गॅसच्या तापमानाचा पसारा त्यात घाला आणि मग बसवा. दोन्ही जागेवर बसले तर बंध-ऊर्जा २.१ च्या आसपास येईल आणि आकड्यावर भरवसा ठेवता येईल. १.४ ला तिसरा थ्रेशोल्ड घातल्याशिवाय आलेख बसतच नसेल, तर बीममध्ये क्वार्टेट डी आहे. फिलामेंट इतका क्वार्टेट डी देत नाही, तेव्हा सोर्समध्ये कुठेतरी इलेक्ट्रॉनचा मारा किंवा डिस्चार्ज चालू आहे. तिथले व्होल्ट मोजून बघा.